झाकण नसलेली भिंत

आदरणीय भाऊसाहेब,

तुमच्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा तुम्हाला दोन्ही हात जोडून नमस्कार, आणि वहिनींना वाकून (गुडघा वाकू देईल तितका). तुमची कंबर आता कशी आहे? मागच्या पत्रात तुम्ही औषधाचं नाव लिहिलंत, पण ते पोटात घ्यायचं की वरून चोळायचं हे लिहिलं नाहीत, त्यामुळे मी आठवडाभर काळजीत आहे. वहिनींचा चष्मा सापडला असेल तर कळवावं. इकडे मी, घर आणि दुकान असे तिघेही अजून उभे आहोत.

तुमची बहीण तुमच्याकडे मजेत असणारच. चार दिवस म्हणून आली, त्याला परवा तीन आठवडे झाले. निघताना तिने मला दुकानात फोन करून घातलेली अट तुमच्या कानावर आली असेल. नसेल तर सांगतो. घरातल्या धुळीचा शेवटचा कण बाहेर गेला की येईन, आणि आल्यानंतर पुन्हा भिंतीला हात लावलात तर पुढच्या वेळी बॅग मोठी असेल. धुळीने तिला शिंका येतात हे तुम्हाला लहानपणापासून ठाऊक आहे (एका दमात सतरा, मी मोजल्या आहेत). येत्या रविवारी ती परत यायची आहे. हे सगळं फोनवरही बोलता आलं असतं, पण तुमच्याकडे फोन वाजला की पहिली तीच उचलते, म्हणून पत्र. पाकिटावर मुद्दाम दुकानाचा शिक्का मारला आहे, म्हणजे तिला वाटेल तुमच्या घड्याळाचं काहीतरी आहे.

आता मुख्य बातमी. भाऊसाहेब, तुमचा मेहुणा आधुनिक झाला! घरातल्या छतांमध्ये आणि भिंतींमध्ये मिळून नऊ स्पीकर बसवले आहेत. बाहेरच्या खोलीत दोन, स्वयंपाकघरात दोन, झोपायच्या खोलीत दोन, आणि बोळकांडीत, न्हाणीघरात व गॅलरीत प्रत्येकी एक. एकही दिसत नाही. एक तार दिसत नाही, एक खिळा दिसत नाही. आलेला माणूस खुर्चीवर बसतो, गाणं सुरू होतं, आणि तो आधी खुर्चीखाली वाकून बघतो. पोस्टमनला मी मुद्दाम आत बोलावून दोनदा हे करून दाखवलं. दुसऱ्यांदा तो उंबऱ्याच्या आत आला नाही, पण त्याच्या चेहऱ्यावर कौतुक होतं.

तुम्ही म्हणाल, या वयात हे खूळ कशाला? तर सांगतो. चाळीस वर्षं मी मनगटी घड्याळं दुरुस्त करतोय, आणि हल्ली माझ्या दुकानासमोरून जाणारी माणसं फोन काढून वेळ बघतात, ती माझ्या पाटीखाली उभी राहून. परवा एका कॉलेजच्या मुलीने तर आत येऊन विचारलं, काका, हे दुकान आहे की संग्रहालय? (तिला चार्जर हवा होता.) त्याच दिवशी मनाशी ठरवलं की दुकानात मागे पडलो ते पडलो, निदान घरात तरी चार पावलं पुढे राहायचं. शिवाय तुमची बहीण रेडिओ काखेत मारून या खोलीतून त्या खोलीत फिरते, तिचा एक हात कायम अडकलेला असतो. तो हात मोकळा करायचा होता, हेही तितकंच खरं.

स्पीकर बसवणारा जो गृहस्थ आला (त्याला आपण आवाजवाला म्हणू), तो वयाने लहान पण बोलायला फार सावकाश. त्याने मला खुर्चीवर बसवून समजावलं की काका, तारा आणि स्पीकर खुशाल भिंतीत घाला, ते वीस वर्षं कुठे जात नाहीत. पण हे सगळं चालवणारा जो डबा असतो तो बाहेर ठेवा, कारण डबे चार वर्षांत जुने होतात. भिंतीतच हवा असेल तर निदान वर झाकण ठेवा. आणि जोडीला एक रिकामी नळी सोडा, उद्या नवीन तार ओढायची झाली तर भिंत फोडावी लागणार नाही. आता भाऊसाहेब, झाकण! हे तो कोणाला सांगत होता? घड्याळात धूळ शिरते ती मागच्या झाकणातून, हे मी जितकं पाहिलंय तितकं त्याने आयुष्यात पाहिलं नसेल. मी त्याला स्पष्ट सांगितलं की डबा पूर्ण बंद, चहूबाजूंनी प्लास्टर, केसाएवढी फट नको. रिकाम्या नळीचं तर नावच काढू नका, ती मुंग्यांची सोय. डबाही मीच निवडला. त्या दुकानात त्या जातीचा तो शेवटचाच उरला होता, पण त्याला भोवती पितळी कड होती, जुन्या चांगल्या घड्याळाला असते तशी. कड पाहूनच मी हुरळलो. (ती कड आता प्लास्टरच्या आत आहे.)

गवंड्याने भिंत बुजवली त्या दिवशी मी दुकानात होतो. तुमची बहीण त्या दिवशी दुपारपर्यंत घरी होती, तिथूनच ती परस्पर तुमच्याकडे निघाली. पुढे आठवडाभर जड सामान न हलवता घासकाम आणि रंगकाम चाललं, आणि मग ज्या दिवशी पहिल्यांदा बटण दाबलं, भाऊसाहेब, काय सांगू! मी पाण्याची बादली घेऊन न्हाणीघरातून गॅलरीपर्यंत गेलो आणि गाण्याचा एक शब्द सुटला नाही. मग उगाचच बादली घेऊन परत आलो. त्या सकाळी गॅलरीतल्या कुंड्यांना चार वेळा पाणी मिळालं. हिला फोनवर ऐकवलं, तर म्हणाली चांगलं आहे, आणि विचारलं की केर किती वेळा काढलात. पण आवाजात कौतुक होतं, मी ओळखतो.

असे अकरा दिवस सुखात गेले. बाराव्या दिवशी सकाळी आठ वाजता मी दाढी करत असताना न्हाणीघराच्या छतातून एक बाई अत्यंत गोड आवाजात म्हणाली, “या उपकरणाची सेवा समाप्त झाली आहे. कृपया नवीन उपकरण जोडावे.” हनुवटीवर कापलं. बाहेर आलो तर तीच बाई बोळकांडीत, तीच स्वयंपाकघरात, तीच गॅलरीत. झालं होतं असं, की डबा बनवणाऱ्या कंपनीने ती जातच बंद केली. म्हणजे माझी आधुनिकता एकूण अकरा दिवसांची. गाणी थांबली, आणि ही बाई दर तासाला बोलू लागली. एक मात्र कबूल करावं लागेल, स्पीकर अप्रतिम आहेत. तिने ‘समाप्त’ म्हटलेलं नऊही ठिकाणी इतकं स्वच्छ ऐकू येतं की ऐकत राहावं. मला राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. ती दर तासाला बोलते, पण अडतीस सेकंद उशिरा. चाळीस वर्षं वेळ लावून देणाऱ्या माणसाच्या घरात हे कसं खपवून घ्यावं?

तिचं तोंड बंद करायचं तर वीज तोडावी लागते, आणि डब्याची वीज फ्रिजच्या लाइनवरून घेतली आहे, त्यामुळे बाई गप्प बसते तेव्हा दूध नासतं. आवाजवाल्याला बोलावलं. ‘मी सांगितलं होतं’ असं तो म्हणाला नाही (हे त्याचं मोठेपण), फक्त म्हणाला की नवीन डबा पाच मिनिटांत जोडतो, जुना कुठे आहे तेवढं दाखवा. आणि इथे माझ्या तोंडचं पाणी पळालं, कारण भिंत इतकी सुबक झाली आहे की डबा कुठे आहे हे मलाच सांगता येईना. त्याने तारा जोडून दिल्या होत्या, डबा बसवला गवंड्याने, आणि गवंडी दूरच्या कामावर गेला आहे, त्याचा फोन लागत नाही. स्वयंपाकघराची मधली भिंत, एवढं नक्की. ती अकरा फूट लांब आहे. मी डोळ्याला दुकानातलं भिंग लावून ती जेवढी उघडी आहे तेवढी इंच इंच तपासली, कान लावला, बोटाने वाजवली. शेवटी जिथे आवाज पोकळ वाटला तिथे छिन्नी लावली. डबा नव्हता. मग बाहेरच्या खोलीच्या बाजूने लावली, तिथेही नव्हता. तिसऱ्या भोकातून मात्र बाहेरच्या खोलीतलं घड्याळ स्वयंपाकघरातून दिसायला लागलं, ही तशी सोयच झाली.

आयुष्यभर मी दुसऱ्यांची घड्याळं उघडून जेवलो. ज्याचं झाकण उघडतं तेच दुरुस्त होतं, हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती. आणि मीच माझ्या घराला झाकण ठेवू दिलं नाही. असो. तरीही माझा उत्साह तिळभरही कमी झालेला नाही. नवीन डबा आणून ठेवला आहे, त्यालाही कड सुंदर आहे.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. कंबरेला जपावं.

आपला,
घड्याळवाला

ता. क. – एक छोटीशी विनंती होती. हिला रविवारी पाठवू नका. आणखी आठ दिवस ठेवून घ्या. तुमची कंबर फारच धरली आहे असं सांगा, थोडं कण्हून दाखवा, तुमच्यासाठी ती थांबेल. भिंतीत तीन भोकं आणि घरभर धूळ अशा अवस्थेत ती आली तर दारातूनच परत फिरेल, आणि या वेळी बॅग मोठी असेल.

ता. क. दुसरा – वरची विनंती रद्द समजावी. पाकीट चिकटवून दुकानात नेलं आणि परत आणून फोडलं. आणखी आठ दिवस मला जमणार नाही, भाऊसाहेब. घरात नऊ ठिकाणांहून आवाज येतो आणि त्यातला एकही तिचा नसतो. मला ती नसली की करमत नाही, हे तीस वर्षांत तिला कधी सांगितलं नाही, तुम्हाला सांगतोय. तिला धुळीत बोलवता येत नसेल तर मीच तुमच्याकडे येतो. कोपऱ्यात एक अंथरूण घाला, तुमच्या घरातली सगळी घड्याळं फुकट दुरुस्त करून देईन.

ता. क. तिसरा – अंथरूण नको. आत्ता सातला नेहमीप्रमाणे हिला फोन केला. बाई बोलायला लागली तसा मी मोठ्याने खोकलो, तर ही म्हणाली, “अहो, चार दिवस रोज सात वाजता त्या बाईला ऐकतेय मी. खोकून काय होतंय? भांड्यांचं कपाट पुढे ओढा.” ओढलं. कपाटामागे भिंतीत चार स्क्रूचं झाकण! त्या दिवशी मी दुकानात गेल्यावर हिने गवंड्याला सांगून ते ठेवून घेतलं, शेजारी रिकामी नळीसुद्धा, आणि वर कपाट उभं करून मगच ती निघाली. म्हणाली, तुम्हाला आधी सांगितलं असतं तर तेही बुजवलं असतंत. चार स्क्रू दीड मिनिटात काढले, आत पितळी कड झळकत होती. आवाजवाला उद्या सकाळी येतोय. रविवारी येते म्हणाली, आणि फोन ठेवता ठेवता विचारलं, भिंतीला हात लावला नाहीत ना? मी म्हटलं, एकच भोक. तेव्हा भाऊसाहेब, हे पत्र तिच्या हाती लागू देऊ नका, आणि तिने विचारलंच तर भोक एक आहे. बाकीची दोन मी शनिवारपर्यंत बुजवतो. ओल्या रंगाचा वास आला तर तुम्हाला त्यातलं काही माहीत नाही.