मीराचं वाकडं छप्पर

गुरुवार संध्याकाळ, नोव्हेंबर २०१९
मदिनत खलीफा

डोकं अजून तापलेलंच आहे. टाकाऊ वस्तूंपासून स्टेडियम करून रविवारी, इथे आखातात आठवडा सुरू होतो त्या दिवशी, आणायचं, हा माझ्या दुसरीच्या वर्गाचा उपक्रम. पालकांना मीच ठणकावलं होतं, कोणीही हात लावायचा नाही, चुकलं तरी मुलांनाच करू द्या. आणि माझ्याच घरात हे?

मीराही त्याच वर्गात. शाळेत मी तिची मॅम, घरी आई. तिनं खुब्जच्या, म्हणजे इथल्या रोटीच्या, रिकाम्या पिशवीचं छप्पर केलं होतं. वाकडं, एका बाजूला कललेलं, पण स्वतः खपून उभं केलेलं. नवरा, मंदार, लुसैलच्या बांधकामाच्या साइटवरून आला आणि मी पोळ्या करत होते तेवढ्यात कटर घेऊन बसला. थर्माकोलचं नवं छप्पर, अगदी मोजूनमापून. पिशवी कचऱ्यात!

"अगं, पडलं असतं ते."

पडू दे की! पडलं असतं तरच कळलं असतं ना तिला, का पडलं ते?

"खलास, आता भांडू नकोस," म्हणाला आणि अंघोळीला गेला.

मीरा रडली असती तरी बरं वाटलं असतं. मी पिशवी कचऱ्यातून काढून धुतली. चुरगळली होती पार. म्हटलं, "परत लावू या?"

"नो आई. बाबाज् इज बेटर."

हे 'बेटर' कुठे शिकली ही? माझ्याकडेच?

मग जवळ येऊन अगदी हळू म्हणाली, "आई, प्लीज डोन्ट टेल मॅम."

नाही सांगणार, म्हटलं.