गुरुवारची शाल

शुक्रवार, २ ऑक्टोबर

पोचले एकदाची. बोट दोन तास हेलकावत होती, मला काही झालं नाही. शेजारचा दांडगा बाप्या मात्र पिशवीत तोंड घालून बसला होता. बेटावर सव्वाशे माणसं, एक दुकान, मासे खारवायची शेड आणि हे प्रार्थनाघर. त्याची राखण आता माझ्याकडे. झाडायचं, स्टोव्ह पेटवायचा, सभेला कॉफी आणि वॅफल करायचे. वर माझी खोली, खाली स्वयंपाकघरात टेलिफोन. खिडकीला पडदा नवा लावलाय कोणीतरी, निळा. मला आवडला.

वही हेर्दिसने दिली, माझ्या मुलीने. आई, तिथे भांडायला कोणी नसेल तर हिच्यात भांड, म्हणाली. चौथीत शाळा सोडली मी. जमेल तसं लिहीन. हेर्दिसला सहावा महिना आहे, पहिलंच. जानेवारीत मी आजी होणार.

तिचा बाप हालवोर अठ्ठावीस वर्षं संसार करून आमच्याच मंडळीतल्या ऑर्गन वाजवणाऱ्या बाईबरोबर गेला. तेव्हा मी डॉक्टरकडे गेले नाही की बहिणीकडे गेले नाही. भांडी घासायच्या जागी नळ सोडायचे आणि देवाला सगळं सांगायचे, तोंड सोडून. तो उत्तर देत नाही, पण ऐकतो. हालवोर तेवढंही करत नव्हता. त्यावरच मी उभी राहिले.

गुरुवार, ८ ऑक्टोबर

आज बायकांचं मंडळ. तिघीच. गुनवोर काठी टेकत आली, उजवा गुडघा गेलाय. तुरिदच्या कानात यंत्र चालू असल्यासारखी सारखी घरघर असते, म्हणून ती ओरडून बोलते. माझ्या वॅफलचा बुटाला तळवा होईल म्हणाली. गुनवोर म्हणाली, मग मला जोडीने दे, आणि चार खाल्ले. तिसरी मालफ्रिद, उपदेशकाची विधवा, सत्तरीची, गरम हातांची. मंडळ तिचंच.

इथे विणता विणता प्रार्थना करतात. एकेक ओळ विणायची आणि आपलं दुखणं त्या ओळीत हळू आवाजात प्रभूला सांगायचं. मला हे पटलं. रिकाम्या हातांनी मला कधीच प्रार्थना जमली नाही.

मालफ्रिदची सून इडुन. तिची तीन बाळं सातव्या महिन्यात गेली. आता चौथ्या खेपेचा सहावा चालू आहे आणि रक्त जातंय, बिछान्यात पडून असते. सांगताना म्हातारीचे टाके चुकले. मग तिने माझा हात धरला आणि विचारलं, तुझ्या मनावर काय आहे. मी कोणापुढे रडत नाही. आज रडले. हेर्दिसचं सांगितलं, तिचं बाळंतपण सुखाचं होऊ दे, एवढंच. मालफ्रिद म्हणाली, पूर्ण नाव सांग, गाव सांग, कितवा महिना ते सांग, प्रभूला नीट सांगावं लागतं. मी म्हटलं, पोस्टमनसारखंच की. ती हसली. लगेच करड्या लोकरीचा नवा गुंडा काढून टाके घालायला बसली.

अठ्ठावीस वर्षांत मैत्रीण नव्हती मला. आज झाली असं वाटतंय.

बुधवार, २१ ऑक्टोबर

इडुनला सूप नेऊन दिलं. पोरगी चांगली आहे, वाळून काडी झालीय, तरी उठून बसायला बघते. मला मावशी म्हणते. म्हणाली, मावशी, मी हलत पण नाही, श्वास पण बेतानेच घेते. मी म्हटलं, श्वास भरपूर घे बाई, तो फुकट आहे. हसली. तिच्यासाठी मी रोज नळाशी सांगते. हेर्दिसनंतर हिचंच नाव.

गुरुवार, २९ ऑक्टोबर

मला शाल दिली. तिघींनी मिळून विणलेली. खालची पट्टी मालफ्रिदची, सगळ्यात रुंद. मधली तुरिदची, वरची गुनवोरची. गुनवोरने आज माझ्यासमोर शेवटचे टाके बंद केले. मालफ्रिदने स्वतः माझ्या खांद्यावर घातली आणि तिघींनी वर हात ठेवले. म्हणाल्या, आता तू आमची.

इतकी ऊब मला कोणी दिली नव्हती.

रविवार, १ नोव्हेंबर

उजवा गुडघा धरलाय. जिना चढताना आई आठवते. थंडी असेल.

गुरुवार, ५ नोव्हेंबर

गुनवोर आज काठीशिवाय आली. प्रार्थनेला यश आलं म्हणून सगळ्या रडल्या, मीही. माझा गुडघा भोपळ्याएवढा झालाय ते सांगायचं राहूनच गेलं.

कानात काहीतरी भुणभुणतंय. स्टोव्हच असेल म्हणून विझवून पाहिला. स्टोव्ह नाही.

आणि तुरिद आज हळू बोलत होती.

रविवार, ८ नोव्हेंबर

इडुन जिना चढून वर आली. स्वतःच्या पायांनी, माशाचे वडे घेऊन. रक्त थांबलं. बाळ लाथा मारतं, माझा हात धरून पोटावर ठेवला तिने. मारतं खरंच. मी देवाचे आभार मानले. मनापासून मानले.

मंगळवार, १० नोव्हेंबर

हेर्दिसचा फोन. रक्त जातंय. डॉक्टरने इस्पितळात ठेवून घेतलंय. कानातल्या त्या घरघरीमुळे मला नीट ऐकू येईना, दोनदा विचारावं लागलं. आई, तू प्रार्थना कर, म्हणाली. मी धावत मालफ्रिदकडे गेले. तिने मला जवळ घेतलं नाही. विणकामाकडे बघत राहिली आणि म्हणाली, बसतेस का, कॉफी टाकते.

बुधवार, ११ नोव्हेंबर

शालीचं वरचं टोक स्टोव्हच्या दाराला अडकलं. सात-आठ ओळी उसवल्या. गुडघा एकदम हलका झाला.

मी पुन्हा पुन्हा जिना चढून-उतरून पाहिला. मी खुळी नाही.

गुरुवार, १२ नोव्हेंबर

गुनवोर लंगडत आली. बसायच्या आधी तिने माझ्या शालीचं टोक पाहिलं.

मालफ्रिद यायची होती. मी दार लावून घेतलं आणि तुरिदला धरलं, ती पोटात ठेवणारी नाही. म्हणाली, एवढं काय त्यात, प्रभू आमच्याकडचं उचलतो, पण कुठेतरी ठेवायला हवंच ना त्याला. आधीच्या राखणदारीणबाईने अकरा वर्षं वागवलं, कधी तक्रार नाही. शेवटी शाल जाळली वेडीने, मग सगळं तिच्यातच राहिलं, आणि ती गेली तसं आमचं आमच्याकडे परत आलं. तू धट्टीकट्टी आहेस, विश्वास आहे तुझा, तुला जड नाही. शाल नुसती काढून ठेवून उपयोग नाही, बोटीने गेलीस तरी तुझ्याबरोबर येणार. हे सगळं तिने वॅफल खात सांगितलं.

मी विचारलं, आणि मालफ्रिदची पट्टी. तुरिदने ताटली बाजूला सारली आणि दाराकडे पाहिलं.

मालफ्रिद आली. नाकारलं नाही तिने. म्हणाली, तू प्रार्थना करायला सांगितलंस, आम्ही केली. तुझी मुलगी जवान आहे, तिला दुसरं होईल. इडुनचं हे चौथं.

नाव मी दिलं. गाव मी दिलं. महिना मी दिला.

शुक्रवार, १३ नोव्हेंबर

नळाशी उभी राहिले. पाणी वाहून गेलं सगळं. शेवटी विचारलं त्याला, तू त्या खोलीत होतास ना. प्रत्येक ओळीला होतास. ऐकत होतास. मला एका शब्दाने सांगता आलं नाही तुला.

हालवोर गेला तेव्हा तू होतास. आता तू पण—

शनिवार, १४ नोव्हेंबर

इस्पितळातून फोन. बाळाचे ठोके मंद पडलेत. उद्या दुपारपर्यंत वाट बघू म्हणतात.

सगळं उसवायला हवं. आधी गुनवोरची, मग तुरिदची, मग ती.

पण त्या पट्टीच्या दुसऱ्या टोकाला इडुन आहे. तिला यातलं काही माहीत नाही. माझा हात तिच्या पोटावर होता.

दिवसभर शाल मांडीवर. एक ओळही नाही.

रविवार, १५ नोव्हेंबर, सकाळ

सुरू केलं. गुनवोरची संपली. गुडघा मोकळा.

खाली उपासना चालू आहे.

तुरिदची संपली. कानातली घरघर थांबली. खालचं गाणं स्वच्छ ऐकू येतंय, इडुनचा आवाज पण. उंच लावलाय पोरीने.

मालफ्रिद दाराबाहेर आहे. कडी घातलीय मी. उंबऱ्याशी गुडघे टेकलेत तिने. आधी मला शिव्या दिल्या, मग देवाला सांगायला लागली, ओडनीचे हात थांबव. माझं नाव स्पष्ट घेतलं. पूर्ण नाव.

मी ओढतेय.

फोन वाजला खाली. तुरिदने जिन्यातून ओरडून सांगितलं, हेर्दिसच्या बाळाचे ठोके वाढलेत—

पंचवीस ओळी उरल्या.

गाणं थांबलं.

अठरा. लोकर हाताला चिकटतेय. देवा, बघू नकोस. की बघ. बघच तू—

मालफ्रिद रडत खाली गेली. जिन्यावर दुसरी पावलं. हळू, एकेक पायरी.

नऊ.

इडुन आहे. दार वाजवत नाही, टेकून उभी आहे. मावशी, म्हणते, बाळ हलायचं थांबलंय. खाली सगळ्या आपसात कुजबुजतात, मला कोणी काही सांगत नाही. तूच एक माझी. माझ्यासाठी प्रार्थना करशील का म्हणते—

हात थांबत नाहीत. मी हो म्हणाले. हो बाई, करते म्हणाले, आणि धागा—

चार

ती विचारतेय, पूर्ण नाव सांगू का मावशी, प्रभूला लागतं ना, इडुन मारिया—