चार खात्यांचं यंत्र

अमरावती
ता. १२ नोव्हेंबर १९६८

ती. शालूताईस,
देवमनचा सविनय जयभीम. वि. वि.

तुझी दोन पत्रं आली आणि माझं एकही गेलं नाही, तेव्हा तू तोंड सोडणार हे धरूनच लिहायला बसलो आहे. कारण एकच, यंत्र आलं. मुंबईच्या कुठल्याशा कंपनीने वापरून काढलेलं गणकयंत्र आमच्या रुई मंडळाने विकत घेतलं. बडनेऱ्याला मालगाडीतून उतरलं आणि ट्रकमध्ये बसून कचेरीत आलं. आमचे साहेब ओमप्रकाशजी यांनी त्याच्यापुढे नारळ फोडला. मी बाजूला उभा होतो, पण खोबरं खाल्लं.

यंत्र आलं म्हणजे नुसतं लोखंड आलं. त्याच्या पोटात आधी प्रोग्राम भरावे लागतात, आणि मुंबईला ठेवून मला शिकवलं ते हेच. पहिला भरायचा तो कारभारी. मंडळाची चार खाती, म्हणजे भविष्यनिर्वाह, खरेदी, कोठार आणि औषध योजना, या एकाच यंत्रावर एका वेळी कामं करणार. आपल्या चाळीत नळ एक आणि चुली चार, तसंच. कुणाचं पीठ कुणाच्या डब्यात जाऊ नये म्हणून हा कारभारी प्रत्येक खात्याला वेगळी खोली आणि वेगळा परवलीचा शब्द देतो. त्याच्यामागून भरायचा तो दुभाष्या. आपण लिहिलेलं तो यंत्राला कळेल अशा भाषेत करून देतो. दोघेही भरून झाले. साहेबांनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

मग तपासायला माणसं हवीत. औषध योजनेच्या खोलीत चार माणसांची चार कार्डं घालायची होती: एक कामावर, एक बदलीवर, एक काम सोडून गेलेला आणि एक मयत. मयत कुणाला लिहू? शेजारचा टायपिस्ट म्हणाला, लिही कुणाचंही नाव. पण दुसऱ्याच्या जित्या बापापुढे मयत लिहायला हात उचलेना. शेवटी आपल्याच बाला लिहिलं. आपला माणूस, फार तर शिव्या देईल. बिल्ल्याचा नंबरही तोंडपाठ, ४१७, रुईच्या गाठी बांधायच्या प्रेसच्या फाटकावर तोच सांगून मी त्याची भाकर आत पाठवायचो. यंत्राने मुकाट्याने छापून दिलं: ४१७, डोमाजी, मयत. हे सगळं चाचणीचं आहे, मागाहून पुसायचं आहे. बाला वाचून दाखव, हसेल.

त्याच्या क्षयाच्या सुया नीट चालू आहेत ना? मला जयभीमसोबत एक शिवीही पाठवायला सांग.

तुझा,
देवमन


अकोला
ता. २० नोव्हेंबर १९६८

चि. देवमनले,
शालूताईचे अनेक आशीर्वाद आणि जयभीम.

पत्र पोचलं. हात उचलेना काय, मुकाट्याने काय, बाप्पा! मुंबईले सहा महिने राहून आला तर जीभच बदलून आणली का रे? शाळेत मी पोरांले अशी भाषा शिकवते तवा मले पगार भेटते. घरी लिहिताना घरच्यासारखं लिहीत जा.

बाले वाचून दाखवलं. आधी समजलंच नाई. समजलं तवा इतका हसला की खोकल्याची उबळ आली अन् मी पाठ चोळत बसली. म्हणते, मेलो असन तर उद्यापासून ढुंगणाले सुया कायले टोचून घेऊ? शिवी त्यानं दिली आहे, ती मी लिहीत नाई, मास्तरीण आहो.

शेजारची इंदूबाई बसली होती. तिनं लगेच हिशेब लावला. कावळा डोक्याले शिवला की त्यायच्यात सोयऱ्यायले माणूस मेल्याचं खोटं पत्र धाडतात, ते रडले की खरं मरण टळते म्हणे. डोमाजीभाऊ आता शंभर वर्षं जगतीन, असं सांगून गेली. बा म्हणे दीक्षा घेतली त्या दिवशी आपण कावळेबी सोडले अन् कावळ्यायचे नवसबी सोडले. पण खुश झाला होता, खोटं कायले सांगू.

तब्येत खरंच बरी आहे. रुईचा फुफाटा जन्मभर छातीत घेतला, तो काई एका सालात निघत नाई. पण ताप उतरला, भाकर गोड लागून राहिली, माझं पोलकं अन् त्याचा अंगरखा संगंच शिवाले टाकला. दवाखान्यातला डॉक्टर सांगते की सुया अन् गोळ्या पावसाळ्यालोक बिलकुल खंड पडू न देता घ्या, मधात सुटल्या तर हा क्षय दुपटीनं उलटते अन् मंग औषध लागत नाई. इंदूबाईचा मालक चंद्रभान तसाच खोकलते. तो त्याच प्रेसमधी, पण ठेकेदाराचा माणूस, त्याले बिल्ला नाई अन् दवाखाना नाई. त्याच्याकडे पाहिलं का मले आपलं नशीब मोठं वाटते.

ते कार्ड आठवणीनं पुसून टाक. मी मानत नाई, पण पुसून टाक.

तुझी जीभ ठिकाणावर येवो, हीच इच्छा.
शालूताई


अकोला
ता. ९ जानेवारी १९६९

चि. देवमनले आशीर्वाद.

जागा थोडी आहे अन् डोकं फिरलं आहे. परवा बा सुई घ्याले मंडळाच्या दवाखान्यात गेला, त तिथी नवी यादी. तुमच्या यंत्रानं छापून अमरावतीहून धाडलेली. पुंजाजी कंपाउंडरनं बोट फिरवत फिरवत पाहिलं. ४१७ च्या पुढे मयत.

बा त्याच्यापुढे उभा होता. बिल्ला काढून टेबलावर ठेवला. पुंजाजी त्याले रोज सुई देते, त्याच्या हाताची चहा पेलेला माणूस, पण मान खाली घालून बसला. डॉक्टर आला अन् म्हणे यादी हेडऑफिसची आहे, मयताच्या नावावर औषध काढलं त माझ्या नोकरीवर येईन. बा तिथीच खोकलला. म्हणे, मेलेल्याचा खोकला कोणत्या खात्यात लिहिता साहेब? कोणी हसलं नाई.

मी तुले सांगतलं होतं पुसून टाक. काहून नाई पुसलं?

शालू


अमरावती
ता. १३ जानेवारी १९६९

ती. शालूताईस,
सविनय जयभीम.

पुसणारच होतो. यंत्र चालतं झालं त्याच दिवशी साहेबांनी मला आणखी टेपा आणायला मुंबईला पाठवलं. मी नसताना त्यांनी ठरवलं की चालत्या गाड्याला हात लावायचा नाही, आणि चाचणीच्याच खोलीत खरी कार्डं भरली. बाचं खरं कार्ड आलं तेव्हा यंत्राने पाहिलं की ४१७ आधीच आत आहे. दोन ४१७ असू शकत नाहीत, म्हणून खरं बाहेर टाकलं आणि माझं खोटं ठेवून घेतलं. बाहेर पडलेली कार्डं कुणी उचलूनही पाहिली नाहीत.

तुझं पत्र वाचलं तसा मी साहेबांकडे गेलो. ते वाईट माणूस नाहीत. पाणी दिलं, बसायला सांगितलं. पण औषध योजनेची खोली आता माझी नाही. परवलीचा शब्द त्या खात्याच्या अधिकाऱ्याकडे असतो, माझ्या हाताने मला तिथे शिरता येत नाही. ते कुलूप मीच बसवलं आहे, ताई, आणि चांगलं बसवलं आहे. साहेब म्हणाले, माणूस जिवंत असल्याचा दवाखान्याच्या डॉक्टरचा दाखला आणा, खात्यामार्फत येऊ दे, लगेच दुरुस्त करू.

तेवढा दाखला घे. बाजारात मिळाल्या तेवढ्या गोळ्या एस.टी.च्या कंडक्टरसोबत पाठवल्या आहेत. सुया इथे कुणाकडे नाहीत, मुंबईला लिहिलं आहे. बाला म्हणावं, रागावू नको.

देवमन


अकोला
ता. ६ फेब्रुवारी १९६९

चि. देवमनले आशीर्वाद.

दाखला भेटला नाई. डॉक्टर म्हणते, ज्याचं नाव यादीत चालू आहे त्यालेच मी तपासतो, अन् तपासल्याबिगर दाखला देत नाई. म्हणजे नाव पायजे त दाखला आणा, दाखला पायजे त नाव आणा. मी त्याच्या टेबलावर हात आपटला. शाळेच्या बाईले असं शोभत नाई, असं मले त्यानं शिकवलं.

सरकारी दवाखान्यात नेलं. तिथी खाट खाली नाई. बाहेरून सुया द्या म्हटलं त म्हणतात इलाज मंडळाकडे चालू होता, त्यायचे कागद आणा, आधी काय टोचलं समजल्याबिगर आमी हात लावत नाई. मंडळ म्हणते मयताचे कागद वारसाले भेटतात, मरणाचा दाखला आणा. मी हासली रे देवमन. रस्त्यावर उभी राहून हासली, अन् बा माझ्याकडे पाहत राहिला.

तुझ्या गोळ्या देऊन राहिली, पण एकट्या गोळ्यायनं भागत नाई. ताप उलटला. थुंकीत रक्त आहे. नवा अंगरखा खांद्यावरून उतरते.

तू मागच्या पोस्टकार्डात लिहिलं की यंत्र कधी बंद पडून मूळ टेपेवरून पुन्हा चालू कराव लागलं, त कारभारी जागा होईलोक चारही खोल्या उघड्या असतात, अन् ते काम तुलेच येते. मी ते बाले वाचून दाखवलं. दाखवाले नोको होतं. तो उठून बसला. त्यानं सांगतलं ते जसंच्या तसं लिहिते: चोरून हात घालू नोको. आपल्या सात पिढ्यायत खुर्चीवर बसलेला तू पहिला आहे. तू पकडल्या गेला त लोक म्हणतीन हे असेच, यायले खुर्ची देऊच नये, अन् तुझ्या मागून येणाऱ्या पोट्ट्यायचा रस्ता बंद होईन. माझं काय, मी जिंदगी जगून घेतली.

बाचं लिहिलं. आता माझं ऐक. माझं मन त्याच्यावानी मोठं नाई. मले बाप पायजे. टाक हात.

शालूताई


अमरावती
ता. ११ मार्च १९६९

ताई,
जयभीम.

केलं. काल दुपारी गावातली वीज गेली अन् यंत्र बसलं. साहेबांनी मलेच बोलावलं. मूळ टेप लावली, कारभारी उठाच्या आधी औषधाच्या खोलीत गेलो अन् बाचं कार्ड घातलं. ४१७, डोमाजी, चालू. साहेब दाराशी उभे राहून रुमालानं घाम पुसून राहिले होते. त्यायनं पाहिलं का नाई, मले समजलं नाई.

हे मले महिन्याभराआधी करता आलं असतं. मधात एकदा वीज गेली होती. तवा माझ्या हातात कार्ड होतं अन् मी ते खिशात ठेवलं. बानं नाई म्हटलं म्हणून नाई. मी भ्यालो, ताई. खुर्चीच्या भेवानं भ्यालो.

यादी महिना संपल्यावर छापते. एक तारखेले ती अकोल्यात येईन, मंग पुंजाजीले नाई म्हणता येत नाई. बाले म्हण, तेवढं थांब. एवढंच म्हण.

देवमन


अकोला
ता. ४ एप्रिल १९६९

चि. देवमनले,
शालूताईचे आशीर्वाद आणि जयभीम.

तू बाच्या मातीहून परत गेला तेव्हापासून लिहीन लिहीन म्हणते. त्या दिवशी तू माझ्याशी बोलला नाई अन् मीबी तुझ्याशी बोलली नाई. तुले वाटत असन मी रागात आहो. आहो. पण तुझं पत्र आलं ते मी बाले वाचून दाखवलं होतं, हे तुले सांगाव लागते. त्यानं डोळे मिटून ऐकलं. तू खिशात कार्ड ठेवलं ते वाचलं तवा म्हणे, पोरगं शहाणं आहे, भेवाले पायजे. मंग तू हात टाकला ते ऐकलं अन् माझा हात धरून ठेवला. ते आठ-दहा दिवस तो थांबाची कोशिश करून राहिला होता, मले दिसत होतं. पण नाई झालं त्याच्यानं.

आता आजचं ऐक. दुपारी पुंजाजी सायकलवर आला. हँडलले पिशवी. दाराशी उभा राहून म्हणे, डोमाजीभाऊचं नाव लागलं, मागच्या खंडासकट सारी औषधं मंजूर आहेत, मीच घेऊन आलो, आता त्यायले घरीच येऊन सुई देत जाईन. तो सुट्टीवर गावाले गेला होता, त्याले कोणी सांगतलंच नव्हतं. पिशवीतून डब्बा काढला. वर तुमच्या यंत्राची चिठ्ठी चिकटवलेली, नाव सुबक छापलेलं.

मी त्याले खाटेकडे बोट दाखवलं. खाट उभी करून ठेवली आहे. तो दारातच बसला अन् लेकरासारखा रडला.

मंग भिंतीपल्याडून चंद्रभानचा खोकला ऐकू आला. इंदूबाईचा मालक. महिन्यापासून तो कामावर नाई, थुंकीत रक्त आहे. पुंजाजीनं माझ्याकडे पाहिलं अन् मी त्याच्याकडे. डब्बा उचलला अन् आमी दोघं तिकडे गेलो. पहिली सुई आज दिली.

मेल्याची खबर उठली का आयुष्य वाढते म्हणे. वाढलं, देवमन, दुसऱ्याचं वाढलं.

आता तुझे साहेब वारसाची चिठ्ठी मागतीन, मरणाचा दाखला लावा म्हणतीन. दाखला माझ्याकडे आहे, पेटीत ठेवला आहे, मी धाडत नाई. तू पकडल्या गेला त मी येऊन तुझ्या बाजूनं उभी राहीन, शाळा सोडाव लागली तरी. पण पावसाळा संपेलोक, चंद्रभानच्या सुया पुऱ्या होईलोक, बा मेला हे त्या यंत्राले सांगू नोको.

जेवत जा. घरी ये.
तुझी,
शालूताई