मास्तरांचं गिराण

अप्पा,

यंदा उन्हाळ्यात अलिबागच्या थिएटरात कुठलं जुनं पिक्चर लावायचं ते मी ठरवलं. तुम्ही नाही. मे महिन्यात नवी पिक्चरं मिळायची मारामार, म्हणून तिथले मॅनेजर सकाळच्या खेळाला जुनी लावतात आणि तिकिटाच्या खिडकीशी एक वही ठेवतात. ज्याला जे बघायचं असेल त्याने त्यात लिहावं, मागणी जास्त ते येतं. मी त्या वहीत एकच नाव सात वेळा लिहिलं, सात निरनिराळ्या हस्ताक्षरांत. लहानपणी कित्ते घोटून घेतलेत, ते असे कामाला आले. हा खोटेपणा झाला म्हणाल. म्हणा. तुम्हाला जाऊन तेरा वर्षं झाली, आता डोळे वटारलेत तरी मला दिसायचे नाहीत. पिक्चरचं नाव इथे लिहीत नाही, तुम्हाला ते चांगलं ठाऊक आहे.

आपल्या गावात तेव्हा निवड तुमची असायची. होळी झाली की भात कापून रिकाम्या पडलेल्या शेतात तंबू उभा राहायचा. मध्ये पडदा, पुढे पुरुष, मागे बायका. आम्ही पडद्यावरची अक्षरं उलटी बघतच मोठ्या झालो, आणि पिक्चरमधले राजे सगळे डावखुरे असतात असं मला कितीतरी दिवस वाटत होतं. रिळांच्या पेट्या मुंबईहून लाँचने बंदरावर यायच्या. त्याआधी तंबूवाले शेठ शाळेच्या ओसरीवर येऊन तुमच्यापुढे यादी धरायचे. सगळी जुनीच पिक्चरं, नवी आपल्याला कोण देतंय! तुम्ही लाल शाईने खुणा करायचात. देव, संत, सती, पुन्हा देव. तेवढ्याने तुमचं समाधान होत नसे, म्हणून दिवेलागणीला खेळ सुरू झाला की तुम्ही यंत्राशेजारी खुर्ची टाकून बसायचात, मांडीवर जुन्या हजेरीपटाचा पुठ्ठा. पडद्यावर एखादी बाई कंबर हलवायला लागली की पुठ्ठा भिंगापुढे. गाणं चालू आणि पडदा ग्रहण लागल्यासारखा काळा. अख्खा तंबू ओरडायचा, "गिराण लागलं! मास्तरांचं गिराण लागलं!" तुमचा हात नेहमी जरा उशिराच उठायचा, तोवर दोन ठुमके दिसून जायचे आणि गाव तेवढ्यावर खूष असायचं. मीही ओरडायचे. मास्तरांची मुलगी म्हणून जरा जास्तच जोरात.

आईने मला सांगितलं तेव्हा मी अकरा वर्षांची होते. ती स्वयंपाकघरात खवणीवर नारळ खवतेय, शेजारीण कुठल्याशा पिक्चरची गोष्ट सांगून नुकतीच उठून गेलीय, आणि आई मान वर न करता म्हणते, "त्या पिक्चरात मी आहे गं." आजोबा मुंबईला एका स्टुडिओत सुतारकाम करायचे हे मला माहीत होतं. एका गाण्यात घाटावरून घागरी घेऊन उतरायला मुली कमी पडल्या, तेव्हा स्टुडिओवाल्यांनी सुताराच्या मुलीला उभं केलं. सोळा वर्षांची होती. एका दिवसाचं काम. पिक्चर लागायच्या आत तिचं लग्न झालं, ती बोटीने इकडे आली, आणि एक दिवस मोठ्या कौतुकाने तिने हे नवऱ्याला सांगितलं. तुम्ही तिला देवापुढे उभं केलंत आणि हा विषय पुन्हा तोंडातून काढणार नाही अशी शपथ घ्यायला लावलीत. आपल्या घरात तिचा त्या वयाचा एकही फोटो नव्हता. "मला काही मिरवायचं नाहीये," ती मला म्हणाली. "मी कशी दिसत होते, तेवढं एकदा बघायचंय." तेवढंच, अप्पा. तिने तुमच्याकडे पाटल्या मागितल्या नव्हत्या.

स्वातंत्र्य मिळून तेव्हा तीनेक वर्षं झाली असतील. त्या उन्हाळ्यात बायकांनी बंड केलं. आपल्याकडे मासळी घेऊन येणारी कोळीण पाचसहा जणींना घेऊन शाळेच्या ओसरीवर आली आणि टोपली खाली ठेवून म्हणाली, "मास्तर, द्येव बगून बगून डोलं दुखलं आमचं. आवंदा मानसांचं पिक्चर लावा, न्हाय तं आमी कोन येनार न्हाय." कुठलं पिक्चर, तर तिने नेमकं तेच नाव घेतलं. ते तिच्या कानात कुणी घातलं हे तुम्ही ओळखलंत. आईने शपथ मोडली नव्हती हं, चांगलं पिक्चर आहे म्हणतात, एवढंच ती बोलली होती. शेठही हात जोडून म्हणाले, "मास्तर, बायका नाय आल्या तर माझा अर्धा तंबू खाली रेहेल." तुम्ही यादी पुढे ओढलीत आणि खूण केलीत. मी धावत घरी जाऊन आईला सांगितलं. तिला खरंच वाटेना. खेळाच्या दिवशी तिने ठेवणीतलं लुगडं नेसलं आणि अबोलीचा वळेसर माळला. तंबूत माझा हात तिने इतका घट्ट धरला होता की माझी बोटं दुखत होती.

गाणं आलं. नायिका नाचायला लागली आणि गिराण लागेना. पुरुषांकडून शिट्ट्या येत होत्या, आमच्या बाजूला कुणीतरी म्हणालं, "आज मास्तर झोपलं वाटतं." ती बाई गिरक्या घेतेय, पाठ उघडी आहे, आणि तुम्ही सगळं बघू देताय! आई माझ्याकडे वळून हसली. तिला वाटलं, तुम्ही तिच्यासाठी पुठ्ठा घरी ठेवून आलात. आणि मग एकदम काळोख. सवयीने अख्खा तंबू ओरडला आणि सवयीने मीही ओरडले, "गिराण लागलं!" ओरडून झाल्यावर मला कळलं. आईने माझा हात सोडला होता. थोड्या वेळाने उजेड आला तेव्हा पडद्यावर पुन्हा नायिका होती.

दुसऱ्या दिवशी तिने तुम्हाला भाकरी वाढली आणि विचारलं, "का?" तुम्ही म्हणालात, "तुझ्याच अब्रूसाठी." ती म्हणाली, "माझी की तुमची?" तुम्ही ताटावरून उठलात. ती पुन्हा कधी तंबूत आली नाही, आणि दोन वर्षांनी विषमज्वरात गेली. तुम्ही तिच्या तेराव्याला गावापुढे तिच्या साधेपणाचे गोडवे गायलेत. मी तिथे बसून ऐकलं. तेव्हा उठून बोलायला हवं होतं, ते आज कागदावर बोलतेय. राग गेलेला नाही, अप्पा. जाईल असं वाटत नाही.

परवा अलिबागला ते पिक्चर पहिल्यांदा गिराणाशिवाय पाहिलं. पिक्चर सरळ बाजूने बघण्याची मला आता सवय झालीय. नायिका नाचते, आणि काही चाहूल न देता चित्र बदलतं. घाट, पायऱ्या, नऊ मुली घागरी घेऊन खाली उतरतात. अंगभर लुगडी, डोक्यावर पदर. नजरासुद्धा खाली. दहा आकडे मोजावेत एवढा वेळ, आणि पुन्हा नायिका. यात झाकण्यासारखं काय होतं? मी थिएटरात मोठ्याने बोलले, पुढच्या रांगेतल्या बाईने मागे वळून बघितलं. आणि मग ध्यानात आलं, उशिरा उठणारा तुमचा हात त्या दिवशी वेळेवर कसा उठला. तुम्ही हे पिक्चर पाहिलेलं होतंत. एकदा नाही, एकदा बघून इतकी अचूक वेळ साधत नाही. परीक्षेचे पेपर पोचवायला म्हणून मुंबईला जायचात, तेव्हा कुठल्यातरी थिएटरात एकटे बसून तुम्ही माझ्या सोळा वर्षांच्या आईला पोटभर बघून आलात, आणि तिला मात्र बघू दिलं नाहीत. याला काय म्हणायचं ते मला ठरवता येत नाही. शिवी द्यावी तर हात थांबतो, आणि थांबतो याचाही संताप येतो.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, तेव्हा एक गोष्ट लिहून टाकते. घरी मी सगळ्यांना सांगितलं की आई दिसली, फार सुंदर दिसत होती. ते खोटं आहे. मी तीन सकाळी जाऊन तीन खेळ पाहिले. नऊ चेहरे, रीळ झिजलेलं, आणि मला माझी आई ओळखता आली नाही. आजोबा गेले, मामा नव्हतेच, तिला त्या वयात पाहिलेलं आता कुणी उरलं नाही. उद्या शेवटचा खेळ आहे. तुमच्याकडे काही मागायचं नाही असं ठरवलं होतं, अप्पा, पण सांगा. डावीकडून कितवी?