चांदीच्या लेपातून गेलेली वीज

फिलाडेल्फिया, जानेवारी १९७९

प्रिय बाबा,
जपानकडे, आपल्या कानाझावाच्या दिशेने वाकून नमस्कार. माझी प्रकृती उत्तम आहे. इथे भातही मिळतो. आईचा खोकला थांबला का?

आयोडीनची वाफ दिली की आमच्या प्रयोगशाळेतली प्लास्टिकची पट्टी धातूसारखी वीज वाहून नेऊ लागते. माझा सहकारी वॉल्टर मात्र ती सँडविच खाल्लेल्या तेलकट बोटांनी उचलतो. पाहून शिसारी येते. पट्टीतून किती वीज जाते याचा त्याचा विक्रमी आकडा मी तपासला. तारा जोडायला दोन टोकांना लावलेला चांदीचा लेप ओघळून एक झाला होता. वीज प्लास्टिकमधून गेलीच नव्हती!

"बाईसाहेब, आकडा देखणा आहे ना? मग करा की शोधनिबंधावर सही!" वॉल्टर हसला. आमचे प्रमुख प्राध्यापकही हसले.

त्या शोधनिबंधावरचे माझे नाव मी खोडले. प्राध्यापकांनी त्याच दिवशी माझी नेमणूक रद्द केली.

मार्चमध्ये परत येत आहे. शेजाऱ्यांना मी आजारी पडले असे सांगू नका. खरे कारण सांगा.

तुमची लेक,
तोमिए