विशेष लक्ष द्यावे

३ नोव्हेंबर
गल्ली मंडळाने मला एकमताने सुरक्षाप्रमुख केलं. दुसरं कोणी तयार नव्हतं, असं फुमिए म्हणते. बायकोला कौतुक कसं ते नाहीच.
महिन्यात तीन घरफोड्या झाल्या. समोरच्या तोगावाआजींना मुलाने ओसाकाहून बजावलंय, की आता गल्लीत आणखी एक चोरी झाली तर घर विकून तुला इकडे आणणार. आजी एक्याऐंशीच्या, त्या घरात पन्नास वर्षं. मला म्हणाल्या, कुराबायाशीसाहेब, मला इथून हलवू देऊ नका. शब्द दिला.

५ नोव्हेंबर
प्लॅन तयार. अनोळखी माणूस दिसला की वाकून मोठ्याने नमस्कार. चोर म्हणे त्यानेच बिचकतो. शाळा, भाजीवाला, चौकीतले हामाजीसाहेब, सगळे पार्टनर. रोज चार ते पाच गस्त.

८ नोव्हेंबर
गस्तीला नऊजण येणार होते. आला एक कुत्रा, मालकासकट. सुरुवात चांगली.

११ नोव्हेंबर
मास्टरस्ट्रोक. कुठलं घर कधी रिकामं असतं याची यादी केली, म्हणजे सगळ्यांना लक्ष ठेवता येईल. घरोघरी फिरणाऱ्या सूचनांच्या पाटीला लावली. आजींच्या नावापुढे लाल पेनने: एकट्या. दुपारी झोपतात. ऐकू कमी येतं. विशेष लक्ष द्यावे.
फुमिए म्हणाली, अहो, हे चोराच्या हाती लागलं म्हणजे? म्हटलं, पाटी आपल्याच लोकांत फिरते. ती उठून भांडी घासायला गेली. पटलं असणार.

१४ नोव्हेंबर, दुपारी ३
पाटी दोन दिवस कोपऱ्यावरच्या फाटकाला लटकलीय. ते लोक गरम पाण्याच्या झऱ्यावर गेलेत. यादीत तसं आहेच. पण पाटी ज्याच्या दारी, त्यानेच पुढे द्यायची. नियम म्हणजे नियम.
निळ्या कामाच्या कपड्यातला एकजण ती वाचत होता. नमस्कार केला. तोही वाकला. पाइप तपासायला आलाय. म्हणाला, इतकी व्यवस्थित यादी कुठे पाहिली नाही. आमच्याकडेही लावतो म्हणून फोटो काढून नेला. कामाचं चीज झालं.

१७ नोव्हेंबर, सकाळी ११
त्याच्या कपड्यांवर कंपनीचं नाव नव्हतं. आत्ता आठवलं. नसेल एखाद्याच्या.
यादी फाडून आणली. का, ते लिहीत नाही. आजींना विचारलं, दुपारी कडी लावता ना? म्हणाल्या, तुम्ही असताना कशाला?
त्याच वेळी सांगायला हवं होतं.

१८ नोव्हेंबर, संध्याकाळी ६
आजींकडेच. दुपारी दोन वाजता, त्या झोपेत असताना. नवऱ्याच्या फोटोसमोरचं त्याचं घड्याळ गेलं.
गस्तीच्या वेळेत अजून एकही चोरी नाही, हेही लक्षात घ्यावं.

२० नोव्हेंबर
चोर सापडला. घड्याळ नाही. हामाजीसाहेब त्याच्या मोबाइलमधला फोटो घेऊन आले. म्हणाले, अक्षर सुरेख आहे, कोणाचं? मी म्हटलं, मंडळाचं. फुमिए म्हणाली, यांचं.

२४ नोव्हेंबर
मुलगा गाडी घेऊन आला. माफी मागायला गेलो. मी वाकायच्या आत आजीच वाकल्या. म्हणाल्या, माझ्यापायी तुम्हाला फार त्रास झाला. त्यांना यादीचं कोणी सांगितलंच नाही. मीही नाही. गाडी गेली.
दुपारी मंडळाचा निरोप: तोगावांचं घर रिकामं झालं, पाटीवर सूचना लिहा, विशेष लक्ष द्यावे म्हणून. अक्षर तुमचंच चांगलं.
लाल पेन फुमिएने कुठेतरी ठेवलाय. कुठे, ते मी विचारलं नाही.