काळ्या काचेचा डोळा

९ सप्टेंबर, मंगळवार

लागला! हिरवा लागला!

मेणबत्ती, साडेचार फुटांवरून — हिरवा. साठ वॅटचा बल्ब — लाल. दारातलं ऊन — लाल. रसरशीत तापवलेला तवा — लाल. पुन्हा मेणबत्ती — हिरवा! नऊ महिने या एका हिरव्या ठिपक्यासाठी घालवले.

लिहून ठेवतो, उद्या कुणी विचारलं तर. ज्वाळा थरथरते. तवा, भट्टीची वीट, सूर्य — हे नुसतेच तापतात. माझ्या यंत्राचा डोळा फक्त थरथरणारी धग बघतो. पुढे काळी काच, बारा मिलिमीटर. तिच्यातून रंग, उजेड काही आत जात नाही, धग तेवढी जाते. माणसाचा डोळा रंगाला भुलतो. माझा नाही.

बायको लीना म्हणाली, "तवा जाळलात. आता पोळ्या कशावर भाजू, डोळ्यावर?"

पंचवीस वर्षं रेडिओ-टीव्ही दुरुस्त केले. कॉलेजचं तोंड पाहिलं नाही. पाहिलं असतं तर हे जमलं नसतं.

१४ सप्टेंबर, रविवार

साखर कारखान्यावर गेलो. आप्पासाहेब भेटले. बॉयलरवर फायरमन, एकतीस हंगाम. गेल्या वर्षी ओल्या बगॅसनं भट्टी विझली, कुणाला कळलं नाही. वरून तो उसाचा चोथा पडतच राहिला, आत धुमसत राहिला — आणि एकदम पेटला. दारातून जाळ बाहेर! दारात आप्पासाहेब. दोन्ही भुवया गेल्या. उजवी उगवली. डावीचे चारच केस आलेत. त्यामुळे आपल्याशी बोलताना त्यांना सतत संशय येतोय असं वाटतं.

त्या डाव्या भुवईपायीच हे यंत्र केलं. भट्टीत ज्वाळा असेल तर हिरवा. नसेल तर लाल आणि भोंगा.

"मिस्तरी, आग मी आवाजावर वळखतो."

"मग गेल्या वर्षी?"

"तवा कान बसलं हुतं."

मी मिस्तरी नाही. डिझायनर आहे.

चीफ इंजिनिअर अनीश, वय सत्तावीस. "काका, याला सर्टिफिकेट?" मी चारशे बारा चाचण्यांची वही पुढे केली. त्यानं तिच्यावर चहाचा कप ठेवला!

३० सप्टेंबर, मंगळवार

डोळा भट्टीच्या खिडकीवर बसवला. स्पिरिटनं तीनदा पुसला.

दसऱ्याला बॉयलरचं अग्निप्रदीपन. चेअरमनसाहेब सपत्नीक मशाल टाकणार, लगेच माझा हिरवा दिवा, मग टाळ्या, असं ठरलंय. चेअरमनसाहेब म्हणाले, "हिरवा लागला की तिन्ही बॉयलरला तुमचाच डोळा."

आठ दिवस पाऊस. बगॅस पिळलं तर पाणी निघेल. डेकोरेशनवाला भट्टीच्या मागच्या दारातून वायर आत ओढत होता. ओरडलो — माझ्या डोळ्यासमोर तोरण लटकवायचं नाही! "तोरन न्हाई हो काका," म्हणाला.

२ ऑक्टोबर, दसरा

लाल.

मशाल टाकली. खिडकीतून नारिंगी जाळ सगळ्यांना दिसला. मला दिसला. व्हिडिओवाल्याला दिसला. डोळ्याला नाही! भोंगा सुरू. निवेदकाला वाटलं हाच शुभ संकेत, त्यानं टाळ्या मागितल्या. टाळ्या संपल्या, भोंगा संपेना. भटजींनी आरती पुन्हा घेतली. मग तिसऱ्यांदा.

चेअरमनसाहेबांनी विचारलं, "आप्पासाहेब, आग आहे ना?"

"हाय की! लई झ्याक हाय."

मी काडी ओढून डोळ्यासमोर धरली — हिरवा. भट्टीकडे वळवला — लाल. काडी — हिरवा. भट्टी — लाल. लोक हसायला लागले. चेअरमनबाईंनी नारळ हातातच ठेवला, यंत्राला फोडायचा का नाही ते ठरेना.

अनीश म्हणाला, "काका, टीव्ही बरे होते."

चेअरमनसाहेब : "मंगळवारपर्यंत हिरवा दाखवा. नाहीतर काढून न्या."

३ ऑक्टोबर

वही पुन्हा वाचली. चारशे बारा चाचण्या, सगळ्या बरोबर.

७ ऑक्टोबर, मंगळवार

भट्टीजवळ सकाळपासून. निरीक्षणं अशी —

ज्वाळा पाच दिवस एकाच उंचीची. आप्पासाहेबांचा हात! चिमणीला धूर नाही — म्हणजे ज्वलन पूर्ण. खिडकीची काच हाताला गार — विटांचं काम उत्तम.

"बगॅस किती टाकता?"

"टाकतो थोडं थोडं." आणि एकदम चहाला निघून गेले.

अशा आदर्श भट्टीत माझा डोळा आंधळा! दुपारी साडेतीनला शेवटचा उपाय केला. काळी काच काढली. कापसात गुंडाळून काडेपेटीत ठेवली.

हिरवा!

मग स्कूटरचा इंडिकेटर दाखवला. हिरवा. फरफरणारी नारिंगी पताका — हिरवा. चेअरमनसाहेब वळून फोनवर कुणाला तरी दटावत होते, त्यांच्या फेट्याच्या शेमल्यालाही हिरवा लागला. त्यांना तो मान वाटला.

८ ऑक्टोबर, बुधवार

शाल, श्रीफळ, तिन्ही बॉयलरच्या ऑर्डरचं पत्र. त्यात "संशोधक श्री. रविकांत" असं लिहिलंय. सात वेळा वाचलं. लीनानं शाल उलटी करून शिवण तपासली.

१३ ऑक्टोबर, सोमवार

आप्पासाहेब कोल्हारला माझ्या दुकानात आले. हातात खताची पिशवी. टेबलावर ओतली. नारिंगी रेशमी कापड, खाली छोटा पंखा, एलईडी दिवे. बटण दाबलं. कापड वर फडफडलं.

भट्टीतला जाळ! एकाच उंचीचा!

"बगॅस वलं. मशाल पडली आन् फुस्स झाली," ते म्हणाले. "हे हुईल म्हनूनच डेकोरेशनवाल्यानं गनपतीच्या देखाव्यातला जाळ आदीच ठिवला हुता. येनाऱ्या-जानाऱ्या पाव्हण्यांना दाखवायचा म्हनून आजपातूर तसाच."

"मग तुम्ही 'आग हाय' असं का म्हणालात?"

"चेअरमन इचारत्यात, आग आहे ना. मंग हायच."

मी वही उघडली. गार काच. नसलेला धूर. सगळं वहीत लिहिलंय, माझ्याच अक्षरात.

"समद्या मांडवात तुमचा डोळा एकला न्हाई म्हनला, मिस्तरी. आमच्यानं झालं न्हाई." चहा घेतला नाही. दारातून वळले. "शीजनला त्या दारात मीच ऱ्हानार. आता त्यो कापडालाबी हिरवा म्हनतो. मी कुनाचं आयकू?"

भुवईचे सात केस झालेत.

१४ ऑक्टोबर

टेबलावर एकीकडे पत्र, एकीकडे काडेपेटी. काच परत बसवली आणि गाळपाच्या कार्यक्रमात लाल लागला, तर पत्र गेलं. "संशोधक" गेलं. राहिला मिस्तरी.

दिवसभर एकही टीव्ही उघडला नाही.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार

उद्यापासून गाळप. डोळा पुसायचा म्हणून वर चढलो. अनीश खालून, "काका, काही बदलू नका हं, चालतंय ते!"

"नुसतं पुसतोय," म्हणालो. काडेपेटी उघडली.

लीनाला सांगितलं. ती म्हणाली, "अहो, शाल कपाटात ठेवलीच नव्हती मी. घडी घालून पिशवीत आहे. मागितली तर लगेच देता येईल."

३ नोव्हेंबर, सोमवार

दुपारी ३.१२. खरी आग, तिसरा दिवस. भोंगा. लाल. अनीश हसला — "आलं काकांचं!" सगळे हसले. आप्पासाहेब हसले नाहीत. खोरं खाली टाकलं, दारासमोरून बाजूला झाले.

३.१३. धडाका. जाळ दारातून बाहेर, बारा फूट.

उजवी भुवई शाबूत. डावीचे अकरा केस. मोजले.